पायांत उतरलेलं शुभवर्तमान

"शुभवर्तमान नुसतं डोक्यात भरून भागत नाही, ते पायांत उतरावं लागतं. येत्या बुधवारी बघाच तुम्ही," असं धाकट्यांनी रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. नंतर लोक त्यांना काहीही बोलोत, माणसाने दिलेला शब्द पाळला. बुधवारी संध्याकाळी ते खरोखरच पायांत उतरलं, आणि असं उतरलं की पुढे कित्येक दिवस निघता निघेना.

धाकटे म्हणजे चष्मेवाले. साठी ओलांडलेले, टक्कल पडलेले, स्वतःला दोन नातवंडं असलेले गृहस्थ. तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणत, कारण रस्त्याच्या पलीकडे थोरले होते. थोरलेही चष्मेवालेच. दोघे सख्खे भाऊ. दोघांच्या दुकानांवर पत्र्याचा एकेक भलामोठा चष्मा टांगलेला होता आणि ते दोन चष्मे दिवसभर एकमेकांकडे टक लावून बघत. मालक मात्र बघत नसत. धाकटे शटर उघडायला आले की थोरले पाठ करून काच पुसू लागत, आणि थोरले दाराशी उभे असले की धाकट्यांना आत काहीतरी अतिशय तातडीचं काम निघे.

भांडणाचं कारण भिंग लावून शोधावं लागेल एवढंसं होतं. वडील गेल्यावर दुकानाची पाटी नव्याने रंगवायची ठरली. पाटीवर नाव कोणाचं वर घालायचं आणि अक्षरं केवढी काढायची, असं रंगाऱ्याने विचारलं. त्या बिचाऱ्याने सहज विचारलं होतं. पण शब्दाने शब्द वाढला, रंगारी डबा आणि शिडी घेऊन निघून गेला, आणि महिन्याभरात थोरल्यांनी समोर दुसरं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघे एकाच चर्चला जात, एकाच देवाला हात जोडत, पण बसत उजव्या आणि डाव्या बाजूच्या अगदी टोकाच्या बाकांवर.

चर्चच्या मागच्या लांबट खोलीत दर बुधवारी धाकटे मोठ्या माणसांना बायबल शिकवत. मनापासून शिकवत, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण आयुष्यभर डोळे तपासल्यामुळे त्यांची शिकवण्याची तऱ्हाही तीच झाली होती. भिंतीवर तक्ता लावायचा, छडीने एकेक ओळ दाखवायची आणि एकेकाला उभं करून विचारायचं, "आता स्पष्ट होतंय? की मघाशी जास्त स्पष्ट होतं?" माणसं धास्तावून "आता, आता" म्हणत आणि खाली बसत. निवृत्त टपालकाका तर पहिल्याच ओळीला ताठ बसल्या बसल्या झोपी जात आणि बरोबर शेवटच्या प्रार्थनेला जागे होत. हळूहळू रिकाम्या खुर्च्या वाढायला लागल्या. मग एके दिवशी पाळकसाहेबांनी चहाचा कप पुढे करत अगदी मऊ आवाजात सुचवलं की थोडे दिवस बुधवारी नुसती गाणी ठेवली तर कसं? नर्सबाईंचा आवाज छान आहे.

तो चहा धाकट्यांना कडू लागला. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. बायको लोकरीचे कोट आणि स्वेटर विणून विके, लोकर रंगवायचीही घरीच. ती मागच्या खोलीत कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून लोकर पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "अहो, माणसं तिथे काही मिळेल म्हणून येतात. तुम्ही त्यांना तपासून परत पाठवता."

हे वाक्य धाकट्यांना रात्रभर टोचत राहिलं, आणि सकाळी दाढी करताना त्यांना एकदम सुचलं. पाय धुवायचे! प्रभू येशूने क्रुसावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ती हकिकत नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. तक्ता नाही, छडी नाही. स्वतः गुडघ्यांवर बसायचं आणि एकेकाचे पाय धुवायचे.

तयारी त्यांनी अशी केली की जणू परीक्षेला बसायचं आहे. बायकोने सरावासाठी पाय द्यायला नकार दिला, कारण तिला कोटांची मोठी मागणी पुरी करायची होती. तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलाचे चारही पाय मोठ्या आदराने धुऊन, पुसून बघितले. माळ्यावरून एक जुनं, काळवंडलेलं तांब्याचं पसरट भांडं काढलं. कमरेला बांधायचा टॉवेल नीट घडी करून ठेवला. सगळं झाल्यावर त्यांच्या मनात आलं की पाण्यात थोडा सुगंध असावा. त्यांनी तिथूनच बायकोला हाक मारून सुगंधी पाणी कुठं आहे ते विचारलं. लोकरीतून मान वर न काढता ती म्हणाली, "वरच्या फळीवर, हिरव्या बाटलीत."

तिच्या मनात न्हाणीघरातली फळी होती. धाकटे नेमके मागच्या खोलीत उभे होते, आणि तिथेही एक वरची फळी होती, आणि त्या फळीवरही एक हिरवी बाटली होती. त्यांनी बूच काढून वास घेतला. पण त्यांना आठवडाभर सर्दी झालेली. नाकाने संपच पुकारला होता. त्या दिवशी त्यांच्यासमोर कोणी रॉकेल धरलं असतं तरी त्यांनी गुलाब म्हणून मान डोलावली असती. बाटली पिशवीत गेली.

बुधवारी खोलीत कधी नव्हे एवढी माणसं आली. काय होणार याची उत्सुकता होती, शिवाय बाहेर बोचरा वारा सुटला होता आणि धाकट्यांनी गरम पाण्याचं आश्वासन दिलं होतं. नर्सबाई आल्या, ग्रंथपालबाई आल्या, टपालकाका उशिराने का होईना आले. वहिनी आल्या. त्या थोरल्यांच्या पत्नी, पण भावाभावांच्या भांडणात त्यांनी कधी भाग घेतला नव्हता. धाकट्यांच्या शिकवणीला त्या नेमाने येत आणि थोरले त्यांना दारापर्यंत सोडून बाहेरच्या बाकावर वाट बघत बसत.

धाकट्यांनी वरचे दिवे मालवून मागच्या टेबलावर मेणबत्त्या लावल्या. किटलीतलं गरम पाणी भांड्यात ओतलं, हिरव्या बाटलीतून सढळ हाताने सुगंध घातला. वाफेने चष्मा धुरकटला म्हणून तो काढून खिशात ठेवला. आणि मग, तक्त्याशिवाय आणि छडीशिवाय, ते बोलायला लागले.

त्यांनी त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली. आपल्यात मोठं कोण यावर शिष्यांची कशी धुसफूस चालली होती, आणि पाय धुण्याचं नोकराचं काम कोणीच अंगावर घ्यायला तयार नव्हतं. तेव्हा जो सगळ्यांचा प्रभू तोच उठला आणि खाली बसला. पेत्र नावाच्या शिष्याने कसे पाय आखडून घेतले. मी तुला धुतलं नाही तर तुझं माझं नातंच राहणार नाही, असं ऐकल्यावर तोच पेत्र हातही धुवा, डोकंही धुवा म्हणून कसा मागे लागला. "त्याचं असंच," धाकटे म्हणाले. "नाही म्हणजे नाही, आणि हो म्हणाला की थेट डोक्यावरून पाणी." माणसं हसली. मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की त्या खोलीत दगा देणाराही बसला होता, आणि प्रभूला ते ठाऊक होतं, आणि तरीही त्याचेही पाय त्याने वगळले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्रुसावर जे करायचं होतं, त्याची ही सुरुवात होती. आपण स्वच्छ झाल्यावर तो जवळ घेतो असं नाही. आपण आहोत तसे असतानाच तो खाली वाकतो.

टपालकाका जागे होते.

ग्रंथपालबाईंनी हात वर करून विचारलं, की धुणाऱ्याचं कळलं, पण ज्याचे पाय धुतले जातात त्याने काय करायचं असतं?

"काही नाही," धाकटे चटकन म्हणाले. "नुसतं बसायचं. सोपं आहे." स्वतःवर कधी न आलेल्या प्रसंगाबद्दल माणूस बोलतो तितक्या सहज ते बोलून गेले. आणि सगळ्यांनी डोळे मिटून घ्यावेत, म्हणजे मन एकाग्र होईल, असंही त्यांनी सांगितलं.

टपालकाका बूट काढायला लाजत होते. उभा जन्म पायी हिंडलेले ते पाय. टाचांना भेगा, नखं वाकडी. धाकट्यांनी ते पाय ओंजळीत घेतले तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला की आई गेल्यापासून ह्या पायांना कोणी हात लावला नव्हता. धाकट्यांनी ते पाय जास्तच वेळ पाण्यात धरून ठेवले. ग्रंथपालबाईंना गुदगुल्या झाल्या आणि त्या तोंडात रुमाल कोंबून खुदखुदत राहिल्या. नर्सबाईंनी पाण्याच्या उबेबद्दल समाधान व्यक्त केलं. वहिनी "भावजी, राहू द्या हो," म्हणून पाय मागे घेऊ लागल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. पाणी कोमट झालं की ते किटलीतून भर घालत, आणि भर घातली की आपल्याला वास येत नाही म्हणून पुन्हा थोडा सुगंध.

शेवटच्या खुर्चीशी ते सरकत आले. चष्मा नसल्यामुळे समोर एक मोठी, गडद, पुसट आकृती दिसत होती. पाळकसाहेब येतो म्हणाले होते, तेच असणार. धाकट्यांना हुरूप आला आणि त्यांनी उरलेली बाटली भांड्यात उपडी केली.

खरं म्हणजे झालं होतं असं, की वारा वाढल्यावर वहिनी बाहेर जाऊन थोरल्यांना आत घेऊन आल्या होत्या. मागे बसा, कोणाचं लक्ष नाही, असं म्हणाल्या होत्या. थोरले बसले, आणि सगळ्यांनी बूट काढले तसे त्यांनीही मुकाट्याने काढले.

उजवा पाय धुता धुता धाकट्यांची बोटं थांबली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. असं बोट वडिलांना होतं. असं बोट त्यांना स्वतःला होतं. लहानपणी एका पलंगावर झोपताना ते बोट कित्येक वर्षं त्यांच्या पोटरीला टोचलं होतं. पाळकसाहेबांसह जगात दुसऱ्या कोणालाही असणार नाही असं ते बोट होतं.

धाकट्यांना मान वर करता येईना. वर केली असती तरी चष्म्याशिवाय काही दिसलं नसतं, ही त्यातल्या त्यात सोय. पाय मात्र मागे गेला नाही. धाकट्यांनी तो बाहेर घेतला, बोटांच्या बेचक्यांतून पुसला, खाली ठेवला. आणि मग डावा घेतला. त्यांना इतक्या वर्षांत जे जे बोलायचं होतं ते सगळं घशापर्यंत आलं होतं. एक शब्द बाहेर पडला असता तरी कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं.

तेवढ्यात खरे पाळकसाहेब दारातून आत आले आणि, काय हा अंधार, असं म्हणत त्यांनी वरचे सगळे दिवे लावले.

पहिल्यांदा ग्रंथपालबाईंनी डोळे उघडले. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग शेजारच्या पायांकडे, मग ओळीने सगळ्यांच्या. सगळेच्या सगळे पाय घोट्यापर्यंत निळे होते. फिकट नव्हे, शाईची दौत उपडी केल्यासारखे गडद निळे.

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. सगळा जन्म इस्पितळात काढलेली बाई. तिने असे निळे पाय आयुष्यात एकाच प्रकारच्या रुग्णाचे पाहिले होते. "कोणी हलायचं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी आडवं व्हा. रक्तातला प्राणवायू कमी झालाय. मेणबत्त्या विझवा, खिडक्या उघडा."

त्यांच्या आवाजात असा अधिकार होता की मंडळी जमिनीवर ओळीने आडवी झाली आणि सांगितल्याप्रमाणे पाय खुर्च्यांवर ठेवले. टपालकाकांनी आपल्याला छान वाटतंय अशी तक्रार केली, तेव्हा त्याची सुरुवात अशीच होते असं त्यांना सांगण्यात आलं, आणि मग त्यांना छान वाटेनासं झालं. पाळकसाहेब एका हाताने अँब्युलन्सला फोन लावत होते आणि दुसरा हात उंच करून प्रार्थना करत होते. त्यामुळे अँब्युलन्सच्या माणसाला पत्ता मिळायच्या आधी दोनदा आशीर्वाद मिळाला.

मग नर्सबाईंची नजर धाकट्यांवर गेली. बाकीच्यांचे नुसते पाय निळे होते. धाकट्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. घाम पुसला होता म्हणून कपाळ निळं होतं. नाक पुसलं होतं म्हणून ओठ निळे होते.

"ह्यांचं वरपर्यंत चढलंय," त्या पुटपुटल्या, आणि चौघांना तेवढ्यापुरतं उठवून त्यांच्याकडून धाकट्यांना लांब टेबलावर निजवलं.

धाकट्यांना आधी काहीच कळत नव्हतं. पण चारजण आपल्याला उचलतात, कॉलरचं बटण काढतात आणि पाळक मोठ्याने प्रार्थना करतात म्हटल्यावर धडधाकट माणसाचीही छाती धडधडायला लागते. त्यांची लागली. वरचा दिवा त्यांना मोठा, पांढरा, पुसट दिसत होता, आणि त्यांनी मनात म्हटलं, म्हणजे मरण असं असतं.

तेवढ्यात जमिनीवरून कोणीतरी उठलं. नर्सबाई ओरडत असताना उठलं, आणि अनवाणी, फटफट पाय टाकत टेबलाशी आलं.

"बारक्या," थोरले म्हणाले. "डोळे उघडे ठेव. मी आहे इथे."

घरातलं हे नाव धाकट्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या नावाने हाक मारणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं.

"दादा, मला काही दिसत नाहीये रे."

थोरल्यांनी घाईघाईने स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून भावाच्या नाकावर चढवला. दोघांचा नंबर जवळजवळ सारखाच होता. आणि धाकट्यांना अचानक, अगदी जवळून, भावाचा चेहरा दिसला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. गालांवर वडिलांसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडून हे कधी दिसलंच नव्हतं.

"पाटीवर वर तुझंच नाव घाल," थोरले म्हणाले. "मोठ्या अक्षरांत. माझं काही म्हणणं नाही."

"नको. तुझंच वर पाहिजे होतं. तू मोठा."

"मोठा आहे म्हणूनच सांगतोय ना. तुझं वर."

"मी तसं मुळीच करणार नाही, दादा."

"तुझी ही खोड अजून गेली नाही. दुसऱ्याचं ऐकायचंच नाही."

"मी कुठे ऐकत नाही? तूच तेव्हा..."

"अहो, मरताना तरी भांडू नका," जमिनीवरून, पाय खुर्चीवर असलेल्या वहिनी म्हणाल्या.

अँब्युलन्समधून एक तरुण डॉक्टरीण आली. तिने आडव्या पडलेल्या निळ्या पायांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि क्षणभर दाराशीच थांबली. मग एकेकाची नाडी बघितली. टपालकाकांची छाती तपासली, ती उत्तम निघाली. धाकट्यांच्या कानाच्या पाळीला चिमटा लावून यंत्रावरचा आकडा बघितला, पुन्हा बघितला. मग तिने कापसाचा बोळा औषधात बुडवून धाकट्यांच्या कपाळावर घासला. बोळा निळा झाला.

ती भांड्यापाशी गेली, वाकली, आणि ह्यात काय घातलंय असं विचारलं. धाकटे टेबलावरूनच क्षीण आवाजात म्हणाले, "सुगंध."

याच वेळी दारात धाकट्यांची बायको धापा टाकत उभी राहिली. अँब्युलन्सचं तिला काही ठाऊक नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं.

"अहो, माझा कोटांचा रंग कुठं आणलात तुम्ही?"

तिची नजर त्या रांगेवर गेली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. रंग धुऊन जाईल ना, असं ग्रंथपालबाईंनी जमिनीवरून विचारलं, तेव्हा ती ओशाळून म्हणाली की लोकरीला चढतो तो कातडीलाही चढतो. त्यातून पाणी गरम असलं की जास्तच. चांगला पक्का रंग आहे, उन्हात उडत नाही, पाण्यात जात नाही. गिऱ्हाइकांना द्यायची ती हमी तिच्या तोंडून सवयीने निघून गेली.

आधी टपालकाकांना हसू फुटलं. मग ग्रंथपालबाई, मग डॉक्टरीण, मग नर्सबाईसुद्धा भिंतीला टेकून डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेब हसू दाबायला कॅलेंडर वाचत उभे राहिले.

हसले नाहीत ते थोरले. त्यांनी चारचौघांत, कोणी न मरता, आपला इतक्या वर्षांचा हट्ट सोडून दिला होता. त्यांनी बूट हातात घेतले, वहिनींना उठवलं आणि दाराकडे निघाले. उंबऱ्याशी थांबून, कोणाकडेही न बघता म्हणाले, "लोक तोंडाला काळं फासतात. माझ्या भावाने पायांना निळं फासलं."

आणि गेले. धाकटे टेबलावर बसून राहिले. नाकावर थोरल्यांचा चष्मा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यांनी साबण लावून बघितला, लिंबू चोळून बघितलं, दगडाने घासून बघितलं. हात लाल झाले, पण निळ्याखाली लाल झाल्यामुळे वांग्यासारखे दिसायला लागले. दुकानात एक बाई चष्मा बसवून घ्यायला आली. ती निळी बोटं डोळ्यांजवळ येताना बघून तिला घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. पाळकसाहेबांचा फोन आला. रागवायला नव्हे, बुधवारच्या शिकवणीला यायचंय म्हणून बरीच नवी माणसं विचारत होती, फक्त मोजे घालून आलं तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न होता. एरवी धाकट्यांनी ही बातमी बायकोला चारदा सांगितली असती. आज त्यांनी नुसतं हूं म्हटलं.

त्यांचं लक्ष रस्त्याच्या पलीकडे होतं. थोरल्यांच्या दुकानात चष्म्यांना काही तोटा नव्हता. पण ते सकाळपासून चष्म्याशिवायच बसले होते. कागद नाकाला लावून वाचत होते, गिऱ्हाइकाशी बोलताना डोळे बारीक करत होते आणि मधूनच मान वर करून ह्या बाजूला बघत होते. धाकटे त्यांचा चष्मा रुमालात गुंडाळून दोनदा फुटपाथच्या कडेपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा गाडी येतेय असं स्वतःला सांगून परत आले. रस्ता रिकामा होता.

दुपारी थोरलेच निघाले. दिसत नव्हतं, तरी ताठ मानेने रस्ता ओलांडला. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली आणि काहीतरी बोललाही, पण ते थांबले नाहीत. हातात झाकण ठेवलेली वाटी होती. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताना पायमोज्याच्या वरच्या कडेला थोडासा निळा रंग डोकावत होता.

"चष्मा न्यायला आलोय," ते म्हणाले.

धाकट्यांनी रुमाल पुढे केला. थोरल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा त्यांना ते हात दिसले. घासून घासून कातडी सोललेले, निळे-तांबडे. मग वाटी टेबलावर ठेवली. तुझ्या वहिनीने तेल आणि साखर कालवून दिलीय, असं पुटपुटले. तिच्या पायांचा रंग बराच निघालाय, असंही म्हणाले.

"दे, मी लावतो," धाकटे म्हणाले.

"बस."

"अरे, तू कशाला..."

"बस म्हटलं ना."

मागच्या बाजूला भिंगं धुवायचं छोटं बेसिन होतं. वडिलांनी दोघांनाही भिंग धुवायला तिथेच शिकवलं होतं. थोरल्यांनी स्टूल ओढलं, भावाला बसवलं, बाह्या वर सारल्या आणि त्याचा एक हात हातात घेतला. भिंग पुसावं तसं, ओरखडा पडणार नाही असं, एकेक बोट ते चोळू लागले.

धाकट्यांना बसवेना. निदान टॉवेल मी आणतो, म्हणाले. निदान वाटी मी धरतो, म्हणाले. डावा हात तरी माझा मी करतो.

"तुला क्षणभर नुसतं बसता येत नाही का रे?" थोरले म्हणाले.

येत नव्हतं. धाकट्यांना त्या क्षणी कळलं की जन्मात एवढं अवघड काम आपण केलेलं नाही. खाली वाकणं त्यामानाने काहीच नव्हतं. त्याचा तर टेबलाच्या पायांवर सरावही करता आला होता. ज्याचा मोबदला देता येत नाही असा हा भावाचा हात, त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. किती वर्षं आपण त्या भिंतीपाशी उभं राहून हेच शिकवत होतो, त्यांच्या मनात आलं, आणि आपल्या डोळ्यांसमोरचं अक्षर आपल्यालाच वाचता येत नव्हतं.

त्यांनी खांदे सैल सोडले. डोळ्यांतून पाणी आलं, त्याच्या पाठोपाठ सर्दीने भरलेलं नाकही वाहायला लागलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. थोरल्यांनी खिशातून रुमाल काढला, भावाच्या नाकाला लावला आणि म्हणाले, "शिंकर."

धाकटे शिंकरले.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, दोघांना तसं बघून दाराशी थांबलं आणि पाऊल न वाजवता निघून गेलं. रंग पुरता गेला नाही, पण निळ्याचं आकाशी झालं आणि उरलेला थोरल्यांच्या हातांवर आला. मग थोरल्यांनी नळ सोडला, टॉवेल घेतला आणि भावाची बोटं एकेक करून कोरडी करायला लागले. पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं की पुढच्या बुधवारी कुठला धडा आहे.

"प्रभूने पाच हजार लोकांना जेवू घातलं तो," धाकटे म्हणाले.

थोरल्यांचा हात थांबला. त्यांनी त्या निळसर बोटांकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं, आणि बराच विचार करून म्हणाले, "येतो मी. पण स्वयंपाक तुझ्या वहिनीला करू दे."